बिनवायरची बाई

“वायरचं देऊ का बिनवायरचं?” गोपीचंदने काउंटरवर दोन खोकी ठेवत विचारलं.

जळबा ड्रायव्हरने आधी दुकानात दुसरं कोणी नाही ना, ते पाहून घेतलं. हिंगोलीच्या बसस्टँडजवळच्या या दुकानात गाड्यांचे हॉर्न, टेप आणि सीटकव्हरं मिळायची. अलीकडे तिथे रस्ता सांगणारी यंत्रं आली होती. वरच्या उपग्रहाला विचारून एक बाई हिंदीतून डावं-उजवं सांगते, अशी त्यांची कीर्ती आखाडा बाळापूरपर्यंत पोचली होती.

“फरक काय हाय दोन्हीत?”

“वायरचं डॅशबोर्डावर पक्कं बसतं. गाडीचाच करंट घेतं, मधीच बंद पडायची तकलीफ न्हाई. बिनवायरचं बॅटरीवर. घरी चार्ज करा, वाटंल तिथं न्या. दोन्हीला आभाळ मात्र दिसलं पाहिजे, म्हणून काचेपाशी ठेवायचं.”

“ह्यातलं लपतं कोणतं?”

गोपीचंद त्याच्याकडे बघतच राहिला. “लोकं चारचौघात दिसावं म्हणून घेऊन राहिले, जळबाभाऊ.”

“मला न्हाई दाखवायचं कोणाला. लपतं ते दे.”

अशा रीतीने बिनवायरचं ठरलं.

आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. जळबाला रस्ते लक्षात राहत नसत. हिंगोली परभणी जिल्ह्यात होती तेव्हापासून त्याची जीप कळमनुरी, औंढा, वसमत, सेनगाव अशी फिरत होती, पण परवा जाऊन आलेल्या गावाची वाट आज विचारली तर पाटी कोरी. हे गुपित त्याच्या समजुतीप्रमाणे एकट्या सोजराबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला ठाऊक होतं. लग्नानंतर तो पहिल्यांदा सासुरवाडीला निघाला होता, आणि भलत्याच गावात पोटभर जेवून परत आला होता.

तरी त्याचं निभत होतं, कारण ते दिवसच तसे होते. प्रत्येक फाट्यावर चहाची एक टपरी असायची. जळबा जीप थांबवायचा, बशीत चहा ओतून टपरीवाल्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचा आणि त्यातूनच हळूच पुढची वाट काढून घ्यायचा. प्रवासी म्हणायचे, काय माणूसवेडा ड्रायव्हर आहे. एखादी टपरी बंद असली, की ‘इंजन तापलं’ म्हणून कोणी वाटसरू येईपर्यंत बॉनेट उघडून उभा राहायचा. कोणाला घाई नसायची. शिवाय बाळापुरात एक रीत पडली होती. जळबाच्या शेजारची सीट मानाची, तिथे वडीलधारं माणूसच बसायचं. ते माणूस सहज बोलून जायचं, “डावीकडच्या रस्त्याला हरभरा काय झकास हाय बघा,” आणि जळबा हरभरा बघायच्या निमित्ताने डावीकडे वळायचा.

मग रस्ते रुंद झाले. टपऱ्या उठल्या, खुणेची झाडं गेली, आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला. पलीकडचा माणूस पहिला प्रश्न विचारायचा, “कुठवर आलात?” जळबाला त्या प्रश्नाचं उत्तर कधीच देता आलं नव्हतं. त्यात गावात किसनसिंगने नवी कोरी गाडी आणली. एकदा का आपण वाट चुकलो की बाळापूरची सगळी लग्नं त्याच्या गाडीतून जाणार, ही धास्ती जळबाला जेवू देईना.

अशात रत्नपाल गुरुजींच्या धम्मदीपचं लग्न ठरलं. सेनगावच्या पलीकडे साखऱ्याला, दुपारी बाराला. नवरदेवाची गाडी अर्थात जळबाची.

“गुरुजी, पुढं नवरदेवाला बसवा,” जळबा ऐटीत म्हणाला. खिशात बाई होती, त्यामुळे आवाजाला जोर आला होता.

गुरुजींचा चेहरा उतरला. “पुढं मी बसलो असतो. मुलगी बघाया मी जाऊन आलो हाय साखऱ्याला.”

“कशाला? रस्ता मला तोंडपाठ हाय.”

“तोंडपाठ,” गुरुजी पुटपुटले आणि त्यांनी सोजराबाईकडे पाहिलं. सोजराबाईने पदर नीट केला.

आदल्या दिवशी बाळापुरात नेहमीप्रमाणे लाइट नव्हती. संध्याकाळी घटकाभर आली तेवढ्यात यंत्र चार्जिंगला लावलं होतं. “बिनवायरचं म्हणता न् हे काय, वायर लावूनच ठिवलंय,” सोजराबाई म्हणाली होती. “मग बिनवायरचं काय हाय त्यात?”

सकाळी जीप सजवताना त्याने डॅशबोर्डावर झेंडूची मोठी रास रचली आणि बाईला तिच्यात बसवलं. वरून आभाळ दिसत होतं, आतून फक्त फुलं. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला नवरदेव पुढे बसला, गुरुजी जळबाच्या बरोबर पाठीमागे, मागे सोजराबाई आणि गुरुजींच्या घरच्या बायका, आणि जीप निघाली.

कळमनुरी गेली तरी कोणाला काही कळलं नाही. हिंगोलीच्या चौकात मात्र झेंडू बोलला, “आगे से बाएँ मुड़ें.”

“हे कोण बोललं?” धम्मदीपने विचारलं.

“रेडिओ,” जळबा म्हणाला.

“रेडिओवर बाएँ मुड़ें सांगून राहिले?”

“शेतीचा कार्यक्रम असंल. नांगरटीचं सांगून राहिले.”

पुढची भानगड नको म्हणून त्याने टेप मोठा केला. तेव्हा त्यालाच बाई ऐकू येईना. टेप लहान केला, तर सगळ्या जीपला ऐकू येई. मोठा, लहान, मोठा, लहान असं करत करत जीप गावाबाहेर पडली. मधल्या एका वळणाला टेप मोठा होता, त्यामुळे ते चुकलं, आणि बाईने “यू टर्न लें” असा हेका धरला. जळबाने जीप मुकाट्याने वळवली.

“काहून वळवली?” मागून एका म्हातारीने विचारलं.

“टायर बघायला,” जळबा म्हणाला, आणि न थांबता पुढे गेला.

गुरुजींनाही स्वस्थ बसवत नव्हतं. “उजवीकडं तूर काय बहरली हाय,” ते मागून ओरडायचे. त्याच वेळी झेंडू म्हणायचा, “दाएँ मुड़ें.” दोघांचं एकमत होतं, हेच नशीब. जळबाला घाम फुटला होता. ती तूर तोडून नेऊन झालेली होती, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

सेनगाव मागे पडलं आणि बाई एकाएकी गप्प झाली. जळबाने एका हाताने फुलं सारून पाहिलं. बॅटरी संपली होती. समोर रस्ता दोन्ही बाजूंना फुटत होता, आणि तिथे ना टपरी, ना झाड, ना माणूस. नवरदेवाचा मोबाइल वाजला. “कुठवर आलात? पाहुणे येऊन बसले.”

जळबाने जीप बाजूला घेतली. “इंजन तापलं,” तो म्हणाला, आणि बॉनेट उघडून त्याआड उभा राहिला. इंजिन तापलेलं नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की मांडव थांबला आहे, आणि उद्या किसनसिंगच्या दारात गर्दी होणार.

गुरुजी उतरून शेजारी आले. “जळबाभाऊ, डावीकडं घ्या. इथं मोठा कडुनिंब होता, त्याच्या अंगानं.”

“मला ठावं हाय.”

“ठावं न्हाई,” गुरुजी हळू आवाजात म्हणाले. “पंचवीस वरसं झाली, तुमाला ठावं न्हाई.”

जळबाने जीपकडे पाहिलं. आतली सगळी माणसं एकाएकी उलट्या बाजूच्या खिडकीतून शेतं बघू लागली होती.

“समद्यायला?” त्याने विचारलं.

“समद्यायला. माझ्या लग्नात तुमी मला दुसऱ्याच मांडवात नेऊन उतरवलं व्हतं. तवापासून तर ती मानाची सीट चालू केली आमी. वाट ठावं असंल त्यानं पुढं बसायचं, न् तुमाला कळू द्यायचं न्हाई.”

“मग मला काहून बोलावता? किसनसिंगला रस्ते पाठ हायेत.”

“असतील. माझी माय दवाखान्यात व्हती तवा दोन दिवस तुमी जीप दारातून हलवली न्हाई. सुटी झाल्यावर तिला उचलून घरात नेऊन निजवलं. किसनसिंग फाट्यावर सोडतो.” गुरुजींनी बॉनेट खाली ओढलं. “चला, पोराचं लगीन हाय.”

जळबा स्टेअरिंगवर जाऊन बसला. धम्मदीप न सांगता मागे जाऊन बसला, गुरुजी पुढे बसले. जीप साखऱ्याला पोचली तेव्हा उशीर झाला होता, पण मांडवात कोणी काही बोललं नाही. नवरी साक्षीने तेवढं नवरदेवाच्या कानात विचारलं, “इंजन तापलं व्हतं व्हय?” म्हणजे साखऱ्यालाही ठाऊक होतं.

आठवड्याने जळबा पुन्हा गोपीचंदच्या दुकानात गेला. “हे बदल. वायरचं दे.”

“आता दिसलं तर चालतं?”

“समद्यायला दिसलेलंच हाय.”

गोपीचंदने यंत्र डॅशबोर्डावर मधोमध, ऐटीत बसवून दिलं. पहिलीच फेरी पुन्हा साखऱ्याची, माहेरी गेलेल्या साक्षीला आणायची. गुरुजी मानाच्या सीटवर बसले. त्यांनी यंत्राकडे नीट पाहिलं, मग त्याची वायर उपटली आणि तिथे आपल्या मोबाइलचा चार्जर खोचला. बाई अर्ध्या वाक्यात गेली.

“घरी परवापासून लाइट न्हाई,” गुरुजी म्हणाले. “मी हाय ना.”

सेनगाव मागे पडलं. रस्ता फुटत होता त्या जागी रखरखीत ऊन पडलं होतं. रुंदीकरणात तोडलेल्या झाडाचं तिथे आता खोडही उरलं नव्हतं.

“डावीकडं कडुनिंबाची सावली लई गार हाय बघा,” गुरुजी सहज बोलून गेले.

“व्हय, लई गार,” जळबा म्हणाला, आणि त्याने जीप त्या सावलीतून डावीकडे वळवली.