सुदामजींची तोफ आणि माझं लोखंड

दर रविवारी सकाळी आठ वाजता सुदामजी घरातली एक वस्तू तोफेत भरतात आणि साठ पावलांवर टांगलेल्या पोलादी पाटीवर मारतात. वस्तू कोणतीही चालते. लिंबू, कांदा, नारळ, रवी, लाटणं. एकदा त्यांनी उशी भरली होती. ती अर्ध्या वाटेतच फाटली आणि माझ्या भंगाराच्या आवारात दोन दिवस कापूस उडत राहिला. आधीच यवतमाळ जिल्हा, त्यात आणखी कापूस.

घाटंजीच्या वेशीवर माझं आवार आहे. कुंपणाच्या पलीकडे सुदामजींचं घर, मागे नाला. सायकलवर पोतं टाकून गावोगाव फिरलो तेव्हा कुठे हे आवार उभं राहिलं. वजनाच्या काट्यावर मी बापाचंही ऐकत नाही. विकलेला माल परत घेत नाही, हे दारावर पाटी लावून सांगितलं आहे. आणि तीन वेळा तो परत घ्यायला लावणारा माणूस जगात एकच आहे. म्हणून हे लिहितो आहे.

सुदामजींनी आयुष्यभर बोअरच्या गाडीवर कम्प्रेसर चालवला. निवृत्त झाले की लोक देवळात जाऊन बसतात, हे हवेची जुनी टाकी घेऊन घरी आले. टाकीला एक व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हपुढे पुरुषभर लांबीचा पाइप, वर दाबाचा काटा. शेतातली रानडुकरं हाकलायला केली म्हणाले. डुकरं पहिल्याच आठवड्यात गेली. तोफ राहिली.

बाकी माणूस शिस्तीचा. उडवण्याआधी खांबावर लाल फडकं लावणार, पाटीमागे मातीचा ढीग नीट आहे का पाहणार, आलेल्या-गेलेल्याला स्वतःच्या पाठीमागे उभं करणार. काटा चाळीसवर आला की व्हॉल्व्ह उघडणार. चाळीस म्हणजे चाळीस. एकदा मी म्हणालो, एवढा खटाटोप कशाला, हातोडी घ्या आणि बडवा पाटी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वजनात दांडी मारताना सापडलो.

"हात लबाड असते, प्रकाश," ते म्हणाले. "मनात आलं का जोर वाढवते. काटा नाही वाढवत."

काट्याची गोष्ट मला पटते.

वस्तू पाटीवर आदळली की ते एकच प्रश्न विचारतात, "वाजलं?" पोस्टमन उभा असला तरी तोच प्रश्न. पण उत्तराची वाट पाहत नाहीत. हा अपमान मी बरीच वर्षं सोसला.

खरं उत्तर यायचं ते ओट्यावरून. तिथे त्यांच्या बायको, रुख्माकाकू, पाठ करून बसलेल्या असत, मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. न वळता सांगायच्या, "कांदा होता. तोही मोठा. आता भाजीत काय टाकू, तुमचं डोकं?" किंवा, "रवी घेतली न बापा माही! ताक काय बोटानं घुसळू?" चाळीस वर्षं हाताळलेल्या वस्तूचा आवाज ती बाई बरोबर ओळखायची. लिंबू आणि आवळा यांतला फरकसुद्धा. सुदामजी खूश होऊन वहीत बरोबरची खूण करायचे. मला वाटे, नवरा-बायकोचं भांडण आहे, ज्याचं त्याला लखलाभ.

मग मागच्या वर्षापासून घडी बिघडली. लिंबं बंद झाली, कांदे बंद झाले. नुसते नारळ, मग वजनाला लागणारा माल. साठ पावलांवरची पाटी पन्नासवर आली, मग चाळीसवर. काकूंचं बोलणंही कमी झालं. मी समजलो, अबोला असेल. इतकी लाटणी गेल्यावर कोणती बाई बोलेल?

आणि एक दिवस सुदामजी माझ्याकडे आले. पाटी चांगली वाजत नाही, दुसरी दे म्हणाले. मी ट्रॉलीच्या तळाचा पत्रा दिला. आठ दिवसांनी परत. "नाही वाजत." तेलाच्या टाकीचं झाकण दिलं. परत. जुन्या वजनकाट्याचा पाट दिला, तोही परत. तिन्ही वेळा मी भांडलो, तिन्ही वेळा ते माल फाटकात ठेवून निघून गेले. इथपर्यंतही मी सोडून दिलं असतं. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी, हळदीच्या दुकानासमोर, चार माणसांत ते बोलले, "प्रकाशच्या लोखंडात दम नाही."

माझं डोकं फिरलं. दिवसभर जो येईल तो मला दम विचारत होता. एकाने तर कढई घेताना कानाला लावून वाजवून पाहिली.

माझ्या फाटकाला एक पाटी लटकलेली होती. कापसाच्या जुन्या जिनिंगच्या प्रेसची, चार बोटं जाड, गाडीच्या चाकाएवढी. माझ्या आयुष्यातला पहिला मोठा सौदा. ती मी कधी विकली नाही. तिच्यावर पान्याचा टोला दिला की नाल्यापलीकडची गुरं माना वर करतात. रविवारी सकाळी मी दोन माणसं लावून ती उतरवली, सुदामजींच्या मागच्या अंगणात नेली आणि स्वतः साखळीने टांगली.

"मारा," मी म्हणालो. "काय मारायचं ते मारा. आणि नाही वाजली तर मी धंदा सोडतो."

त्यांनी लाल फडकं लावलं. मला मागे उभं केलं. तोफेत नारळ भरला. काटा चाळीसवर आला.

पाटी अशी वाजली की चिंचेवरचे बगळे उठले. माझी दोन माणसं कानांवर हात ठेवून हसायला लागली. माझी छाती दोन इंच फुगली. मी सुदामजींकडे वळलो.

ते पाटीकडे पाहतच नव्हते. ते ओट्याकडे पाहत होते. काकू पाठमोऱ्या बसलेल्या, सूप मांडीवर, बोटं डाळीतून खडे वेचत होती. वेचतच राहिली.

"नाही वाजलं," सुदामजी हळू म्हणाले.

तोंडात आलेली शिवी मी बाहेर काढणार, तेवढ्यात माझी नजरही त्या बोटांवर गेली. आणि वर्षभराचा सगळा हिशेब एका दमात लागला. लिंबं का बंद झाली. पाटी जवळ का आली. माझं लोखंड का परत आलं. माझ्या माणसांना मी चहाला पिटाळलं.

यवतमाळहून आणलेलं कानाचं मशीन डब्यात पडून आहे, सुदामजींनी मग सांगितलं. कानात कोंबडं बसल्यासारखं वाटतं म्हणून ती लावत नाही. आपलं ऐकू येणं गेलं हे तिला मान्य नाही. तीच म्हणते, पाटी वाजत नाही.

"मंग मी काय म्हणू?" ते म्हणाले. "तिचे कान गेले म्हणू? त्यापेक्षा तुयं लोखंड गेलं म्हटलं."



मी पाटीची साखळी सोडली, सुदामजींच्या मदतीने ती घरंगळत ओट्याकडे नेली आणि तोफेपासून पंधरा पावलांवर, ओट्याच्या बाजूच्या कडुनिंबाला टांगली. मातीचा ढीग दोघांनी मिळून फावड्याने हलवला. सुदामजींनी घरातून पितळी तांब्या आणला. काटा चाळीसवर आला. ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, आणि हवा आणखी भरत राहिले. काटा साठवर गेला. मी दुसरीकडे पाहिलं.

दणका असा बसला की ओट्यावरचं सूप हललं. काकूंची बोटं थांबली. त्यांनी मान थोडी वाकडी केली, पहिल्यासारखी, आणि न वळता म्हणाल्या, "लाटणं होतं. नवंच आणलं होतं न मी!"

तांब्या पाटीखाली चेपून पडला होता. पितळ. आंधळ्यालाही कळावं असं पितळ.

"बरोब्बर," सुदामजी म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

छटाकभर चुकीच्या वजनासाठी मी माणसांच्या कॉलरी धरल्या आहेत. "बरोब्बर, काकू!" मी जोरात ओरडलो.

"मंग ओरडतं काहून?" काकू म्हणाल्या. "मी काय बहिरी हाओ?"

सुदामजींनी पायाने तांब्या गवतात सारला आणि वहीत खूण केली.

तासाभराने ते कुंपणापलीकडून माझ्याकडे आले. सदऱ्याखालून त्यांनी एक लाटणं काढलं. नवंकोरं, पिठाचा डागही नीट पडला नव्हता.

"हे ठेव तुयाजवळ," ते म्हणाले. "घरात दिसलं तं पंचाईत होईन. अन् पितळी तांब्या असंन तं दे एखादा. तसाच."

ढिगात तसाच तांब्या होता. मी भाव सांगितला, त्यांनी निम्मा केला, मी तोंड वाकडं करून दिला. सवय कुठे जाते? पण जाता जाता बोलल्याशिवाय राहवलं नाही. बाजारात चारचौघांत बोललात, म्हटलं, आता तिथेच जाऊन सांगा की माझी पाटी वाजली.

"सांगतो न," ते म्हणाले. मग कुंपणाशी थांबले. तांब्या हातात फिरवत राहिले. "अन् पुढच्या खेपेला नाही वाजली तं?"

मी लाटणं गल्ल्यामागे सरकवलं.

"तर माझं लोखंड खराब," मी म्हणालो. "बिनधास्त सांगा बाजारात."