आबा दमत नाहीत

आबा सायकलवरून दमून कधीच उतरत नाहीत. ते चौकशीसाठी उतरतात.

म्हणजे असं, की राजूर रस्त्यावर चढ लागतो. मी चढून वर जातो, थांबतो, वळून बघतो. तर आबा खाली मध्येच सायकल स्टँडला लावून कुणाच्या तरी बांधावर उभे. "काय पाव्हणं, तूर कशी काय औंदा?" एवढा एक प्रश्न विचारण्यापुरताच श्वास त्यांच्याजवळ शिल्लक असतो. पुढचं काम शेतकरी करतो. तुरीवरच्या अळीबद्दल माणूस दहा मिनिटं सहज बोलतो, आणि तेवढा वेळ आबा मान डोलवत धापा टाकतात. श्वास जागेवर आला की "बराबर हाय तुमचं" असं म्हणून पुन्हा सायकलवर टांग मारतात.

आबा म्हणजे रंगनाथराव, जालन्याच्या मस्तगड भागातले आमचे शेजारी. वय चौसष्ट. वजन ते सांगत नाहीत. मूळचे हसनाबादचे. मुलगा पुण्यात स्थायिक झाला, गावी करणारं कुणी उरलं नाही, तेव्हा चार वर्षांपूर्वी शेत विकून आबा आणि काकू जालन्यात आले. मी शाळेत गणित शिकवतो आणि शाळेआधी घड्याळ लावून सायकल चालवतो. पोट सपाट ठेवल्याचा मला थोडा गर्व आहे. थोडा म्हणजे, बायकोच्या मते, बराच.

आमची जोडी जमली ती आबांच्या एका थापेमुळे. त्यांचं शेत गावातल्याच उत्तमने घेतलं. हा उत्तम भला माणूस. दर हिवाळ्यात न चुकता आबांना हुरड्याचं आवतण देतो. पहिल्या वर्षी आबांचे गुडघे दुखत होते. दुसऱ्या वर्षी कुणाचं तरी लग्न निघालं. तिसऱ्या वर्षी घरी पाहुणे आले. ते कुठून आले हे काकूंनाही माहीत नव्हतं. यंदा फोन आला तेव्हा मी समोरच चहा घेत बसलो होतो. आबांना ऐनवेळी कारणच सुचेना. म्हणाले, "येतो की! पण सायकलवरच येणार. डॉक्टरनं सांगितलंय, गाडीत बिलकुल बसायचं न्हाई."

त्यांचा हिशोब असा, की एवढ्या लांब सायकलवर कोण बोलावणार? पण उत्तम पलीकडून म्हणाला, "या मंग सायकलवर. जव्हा जमल तव्हा या. ज्वारी कुठं पळून चालली?"

झालं. आपल्याच तोंडाने आबा अडकले. आता एक तर हसनाबाद गाठायचं, नाही तर 'जमलं नाही' म्हणायचं. आणि 'जमलं नाही' हे शब्द आबांच्या तोंडून ऐकल्याचं मस्तगडात कुणालाही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते माझ्या दारात हजर. काळी, बिनगिअरची, एकेकाळी दुधाचे कॅन वाहिलेली सायकल. डोक्याला मफलर. "चला सर. मी तुम्हाला सायकल शिकवतो."

मला वाटलं, प्रश्न पायांचा आहे. पाय तयार करता येतात. मी त्यांना वेळापत्रक आखून दिलं. पहिला आठवडा पाच किलोमीटर, दुसरा आठ. आबांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि पुन्हा म्हणून उघडला नाही. "सर, तुमी लई जल्दी करता. तुमी पुढं जाऊन रस्ता बघा, मी मागचं सांभाळतो." म्हणजे मी यांचा वाटाड्या, आणि हे मागून येणारे सरकार! एकदा सहा किलोमीटरला सव्वा तास लागला. माझ्या मोबाइलमधल्या ॲपने मी थांबलो असं समजून आपणहून मोजणी बंद केली. मी चिडून काकूंकडे तक्रार घेऊन गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. "तुम्हाला आज कळलं का? हे जिना चढताना बी मधल्या पायरीवर थांबून मला इचारतेत, भाजी काय केली म्हणून."

पण एक सांगतो, माणूस हटला नाही. दोन महिने थंडीत रोज आला. चौकशा बारावरून नऊवर आल्या, नऊवरून पाचवर. माझी चीडही कधी ओसरली ते मला कळलं नाही. एखाद्या दिवशी ते आले नाहीत तर रस्ता मुका वाटायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. आबा फुशारकीत होते. "आज हसनाबाद म्हंजी हसनाबाद!" पहिल्या चढाला त्यांनी कापूस वेचणाऱ्या बायांकडे बोंडांची चौकशी केली. त्यांतली एक म्हणाली, "आबा, तुमी मागल्या आइतवारी आल्ते तव्हा बी ह्येच इचारलं व्हतं." आबा म्हणाले, "मंग आठ दिवसांत काही फरक पडला का, ते बघून राह्यलो."

राजूरला चहा झाला. तिथून पुढे मात्र त्यांच्या चौकशा बंद झाल्या. वाटेत मोसंबीची बाग लागली, थांबले नाहीत. विहिरीचं खोदकाम चालू होतं, तरी थांबले नाहीत. गाव जवळ आलं, रस्त्याला लागून हुरड्यात आलेली ज्वारी दिसली, लिंबाखाली धूर दिसला, आणि आबा एकदम पॅडलवर उभे राहिले. मी बघतच राहिलो. चौसष्ट वर्षांचा, धापा टाकणारा माणूस वाऱ्यासारखा सुटला. मी एकवीसच्या एकवीस गिअर बदलून पाहिले. गाठता आलं नाही. बांधावर एक माणूस हात वर करून उभा होता. आबा त्याच्या समोरून न थांबता निघून गेले, त्याचा हात तसाच वर राहिला.

पुढच्या वळणावर, मोरीच्या कठड्यावर आबा बसलेले दिसले. सायकल आडवी पडली होती. आसपास विचारपूस करायला चिटपाखरू नव्हतं.

"दमलो, सर," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून काढायचा, असा मी दोन महिने चंग बांधला होता. आता तो ऐकून मला बिलकुल बरं वाटलं नाही.

"पायानं न्हाई दमलो," ते म्हणाले. "इकलेल्या रानात, त्या लिंबाखाली पाव्हणा म्हणून कसं बसावं, ते मला समजंना. घरून निघल्यापासून त्येच इचार करून राह्यलो."

मी माझी सायकल उभी केली आणि त्यांच्या शेजारी कठड्यावर बसलो.

मघाचा तो हात वर केलेला माणूस, म्हणजे उत्तम, वळणावरून चालत आला. खांद्यावर टॉवेल. त्याने आडवी पडलेली सायकल उचलली आणि हँडल धरून परत वळवली. "चला आबा. कणसं टाकली आगटीत. कोळसा व्हतील."

लिंबाखाली पोती अंथरली होती. उत्तमच्या घरची पाच-सहा माणसं होती. आबांना मधली जागा दिली. ते गुडघ्यांवर हात ठेवून, सोयरिकीला आल्यासारखे ताठ बसले. उत्तम गोवऱ्यांच्या विस्तवातून कणसं काढत होता. कुणी काही विचारलं की आबा "फर्स्टक्लास, फर्स्टक्लास" म्हणायचे. शेताकडे मात्र बघत नव्हते.

एक भाजलेलं कणीस त्यांच्या पुढ्यात येऊन पडलं. आबांचा हात आपोआप गेला. तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला, आणि हिरवे वाफाळते दाणे माझ्यापुढच्या पानावर ठेवले. "घ्या सर, लाजू नका. आपल्याच रानातला हाय."

चटणीची वाटी पुढे सरकवणारी उत्तमची बायको थांबली. आपण काय बोललो ते आबांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा लाल झाला आणि मोकळा हात तसाच पुढे राहिला.

उत्तम आगटीवरून उठला. टॉवेलला हात पुसले, माझ्या शेजारी पोत्यावर मांडी घालून बसला आणि आबांपुढे ओंजळ धरली.

"मंग मला बी वाढा, आबा. सकाळधरनं उपाशी हाय."

आबा उठले, आणि उत्तमच्या जागी आगटीपाशी जाऊन बसले.