दोष आढळला

विधी महाविद्यालयाच्या जागा साठ आणि अर्ज चार हजार, हे कळल्यापासून घड्याळजींच्या घरात फक्त घड्याळंच तेवढी शांतपणे चालत होती.

जेवणाच्या टेबलावर लेकीची फाइल तयार होती. प्रवेश परीक्षेचे गुण, ‘मला वकील का व्हायचंय’ हा तीनशे शब्दांचा निबंध आणि सगळ्यांत वर कॉलेजातल्या बाईंचं शिफारसपत्र, बंद पाकिटात. पाकिटावर छापलं होतं, ‘अर्जदाराने उघडल्यास अर्ज बाद.’ लेकीचं खरं नाव आता कागदोपत्रीच उरलं होतं. बोलायला लागल्यापासून तिचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू व्हायचं, म्हणून घरात ती पणती.

“अहो, त्या पाकिटाकडे असं टक लावून बघू नका,” बायको म्हणाली.

“ह्याच बाईंशी ही अर्ध्या मार्कासाठी पाच महिने भांडली ना? त्या काय हिचे गोडवे गाणार?”

“बाद होईल अर्ज. वाचता येतं ना?”

“तीस वर्षं घड्याळं उघडतोय मी. एकाला तरी पत्ता लागलाय?”

“घड्याळं बोलत नाहीत म्हणून!”

पणती आंघोळीला गेली, बायको दूध बघायला उठली आणि घड्याळजींचा हात शिवशिवला. पातळ पातं डिंकाखाली सरकलं. पाकीट असं उघडलं की त्याचं त्यालाही कळलं नसावं. पत्र दोन पानी होतं. पहिल्या पानाची शेवटची ओळ होती : ‘ही मुलगी अतिशय वाद घालते. मी अक्षरशः हैराण झाले.’

तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. दुसरं पान राहूनच गेलं. घड्याळजींचे हात तीस वर्षांच्या सवयीने चालले, पत्र आत गेलं, पाकीट बंद झालं, आणि पणती बाहेर आली तेव्हा ते निर्विकार चेहऱ्याने भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होते. त्या घड्याळात सेल होता.

आता आली का पंचाईत! बोलावं तर चोरी उघड, न बोलावं तर पोरीचं वाटोळं. घड्याळजींनी मधला मार्ग काढला.

“मुलाखतीत वाद घालायचा नाही. सगळ्याला ‘हो’ म्हणायचं. ‘पण’ हा शब्द महिनाभर बंद!”

“पण बाबा—”

“बंद म्हणजे बंद!”

पोर गुणी. महिनाभर दात-ओठ खाऊन ‘हो’ म्हणत राहिली. बायकोला वाटलं, हिला ताप आहे.

मुलाखतीच्या दिवशी घड्याळजी दाराबाहेर बाकावर बसले होते. वीस मिनिटांनी शिपाई म्हणाला, “तुम्हालाच बोलावलंय आत.”

टेबलामागे तिघे जण होते. मधल्या अध्यक्षबाईंनी पाकीट पुढे सरकवलं. “झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात काही लिहिलंय. हे कुणाचं?”

घड्याळजींनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि त्यांना घाम फुटला. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणात ते लिहीत, तेच इथेही त्यांच्याच अक्षरात होतं. तारीख, आणि खाली : ‘उघडलं, तपासलं. दोष आढळला.’

“माझंच आहे, मॅडम. पोरीला काही माहीत नाही. मला काय ती शिक्षा करा, पण तिला घ्या.”

“नियमाप्रमाणे अर्ज बाद होतो,” अध्यक्षबाई समोर बसलेल्या पणतीकडे वळून म्हणाल्या. “बरोबर ना? मघापासून तू प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणते आहेस.”

पणतीने बापाकडे पाहिलं. बापाचा चेहरा रडवेला झाला होता. महिनाभर कोंडलेलं धरण फुटलं.

“पण!” ती इतक्या जोरात म्हणाली की उजवीकडच्या सरांचं पेन खाली पडलं. “पण नियमात ‘अर्जदाराने’ असं आहे. अर्जदार मी. उघडलं बाबांनी. आणि लबाडी करणारा माणूस तारीख घालून स्वतःच्या अक्षरात कबुली लिहून ठेवतो का? पण मुळात, बाबा, तुम्ही माझं पत्र उघडलंतच कसं?”

पुढची दहा मिनिटं तिने आधी महाविद्यालयाला आणि मग बापाला धारेवर धरलं. घड्याळजींना जन्मात इतकं बरं वाटलं नव्हतं.

“वीस मिनिटं कुठे होतीस तू?” अध्यक्षबाईंनी पत्राचं दुसरं पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं, “‘अर्धा मार्क तिचाच होता, चूक माझी होती. हिला नक्की घ्या.’ आम्ही हीच मुलगी शोधत होतो. आली ती भलतीच.”

घड्याळजींनी कपाळाला हात लावला. एक पान, फक्त एक पान आणखी वाचलं असतं तर!

निकालाचं पाकीट पंधरा दिवसांनी आलं. घड्याळजी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. पणतीने पाकीट फोडलं, कागद वाचला आणि ती किंचाळली. मायलेकी एकमेकींना मिठ्या मारत असताना घड्याळजींनी रिकामं पाकीट हळूच उचललं आणि भिंग लावलं.

झाकणाच्या आत अध्यक्षबाईंच्या बारीक अक्षरात तारीख होती. खाली लिहिलं होतं : ‘उघडलं, तपासलं. दोष आढळला. दुरुस्त करू नये.’