'शेवटचा बाक' आणि वरचा सूर

रविवारी दुपारी बायकोला "ऑफिसात ऑडिट आहे" अशी थाप मारून हेडक्लार्क घराबाहेर पडला, तो थेट दातांच्या दवाखान्यात. त्याचे दात ठणठणीत होते. पण तो आणि त्याचे शाळेतले दोन दोस्त, अशा तिघांनी पन्नाशीच्या तोंडावर बँड काढला होता, आणि सरावाला जागा हवी होती. गिटारवाला मित्र दातांचा डॉक्टर; त्याचा दवाखाना रविवारी बंद. शिवाय तिथून कुणी किंचाळलं तरी शेजारीपाजारी चौकशीला येत नसत.

बँडचं नाव 'शेवटचा बाक'. आणि बँड इंडी. "इंडी म्हणजे काय रे?" असं हेडक्लार्कने विचारलं, तेव्हा ड्रमच्या जागी रिकामा डबा बडवणारा टायरवाला म्हणाला, "दुसऱ्याची गाणी चोरायची नाहीत. आपलीच लोकांच्या माथी मारायची."

गायक हेडक्लार्क. शाळेच्या समूहगीतात बाईंनी त्याला नुसते ओठ हलवायला सांगितले होते, ते त्याला अजून लागून राहिलं होतं. आता एक गाणं नीट बसवायचं आणि बायकोपुढे असं गायचं, की तिने तोंडात बोट घालावं, एवढीच त्याची इच्छा. (घरात एरवी त्याचं कुणी ऐकून घेत नसे. ऑफिसचं तर विचारूच नका.) तोवर सगळं गुपचूप.

गाडं अडलं शेवटच्या ओळीवर. सूर चढेना. दुसरी धड खुर्ची नसल्याने हेडक्लार्क पेशंटच्या खुर्चीत आडवा होऊन गात होता.

"तोंड पूर्ण उघड!" डॉक्टर ओरडला.

"अरे, त्याला झेपत नाहीये," टायरवाला कळवळला. "पट्टी तरी बदल!"

"काही होत नाही. आता सोडायचं नाही. खेच! अजून खेच!"

हेडक्लार्कने डोळे मिटून जिवाच्या आकांताने सूर खेचला.

जिन्यात धडपड झाली आणि दार उघडलं. दारात त्याची बायको! मागे गालाला रुमाल बांधलेले सासरे. त्यांची दाढ ठणकत होती. आवाज ऐकून दवाखाना उघडा असेल, म्हणून दोघं वर आली होती.

"माझी थांबली हो दाढ," म्हणत सासरे आल्या पावली जिना उतरू लागले.

"अगंबाई, तुम्ही?" बायको किंचाळली.

डॉक्टरने गिटार टेबलामागे ढकलली आणि हेडक्लार्कच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला. (मित्र असावा तर असा.) "अक्कलदाढ, वहिनी. फार खोल होती."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला काळजी नको म्हणून ऑडिटचं सांगितलंत ना?"

घरी नुसती चंगळ. पाठीला उशी, हातात गरम सूप. हेडक्लार्क सुखावला. पण बायकोने बहिणीला फोन लावला. "काय सांगू गं, गुरासारखे हंबरत होते!" मग तेच मावशीला, तेच नणंदेला. प्रत्येक फोनला हंबरडा मोठा होत गेला, आणि हेडक्लार्कच्या काळजाला घरं पडू लागली. आयुष्यात पहिल्यांदा लागलेला तो सूर!

शेवटी त्याने बोळा थुंकून टाकला. "दाढबिढ काही नाही! मी गात होतो. गाणं होतं ते, गाणं!"

बायकोने जवळ येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"असू दे हो. दुखलं की माणूस ओरडतोच. त्यात लाज कसली?"

"तर काय, जावईबापू," आतून सासऱ्यांचा आवाज आला. "गाणं असतं, तर आम्हाला कळलं नसतं का?"