गजाकाका बाही बघतात

कोणत्याही नटीने कितीही भारी घागरा घातला तरी आमच्या गजाकाकांना तिची फक्त बाही दिसते. "तोंड ऱ्हाऊ दे, बाही बघ!" म्हणत ते माझ्या मोबाइलवर बोट आपटतात. त्या आपटण्याने बहुधा भलत्याच बाईचा फोटो उघडतो. मग ते तिची बाही बघतात.

काका मूळचे खाडीकाठचे शेतकरी. भातशेती भावाकडे सोपवून ते फुलपाड्यात आमच्या समोरच्या खोलीत राहायला आले. शेवंतीकाकी तिथे ब्लाउज शिवायच्या. संध्याकाळी काका हूक लावायचे, हातशिलाई घालायचे आणि काकींच्या शिवणीला नावं ठेवायचे. काकींना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून नावं ठेवायला फक्त नट्या उरल्या आणि त्या पुरवायचं काम माझ्याकडे आलं.

मी शाळेत क्लार्क आहे. घरी आले की गॅलरीत दोन खुर्च्या पडतात. कुठे पुरस्कार सोहळा असतो, कुठे बड्या घरचं लग्न. मी मोबाइलवर फोटो शोधून देते, काका निकाल देतात.

"हिचा घागरा मागनं दोन मानसं उचलून चाललीत. अख्खा जिना झाडून निघंल!"

"हिनं आरसे येवढे लावलेत, बाजूचा मानूस उभ्याउभ्या दाढी करंल."

मीही मागे राहत नाही. 'रंगसंगती फसली', 'कट जरा जुनाच वाटतो' अशी वाक्यं मी अधूनमधून टाकते. त्या वेळी माझ्या अंगावर काखेत उसवलेला गाऊन असतो आणि काकांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी नि भोकं पडलेली बनियन. अशा वेशात आम्ही देशातले नामवंत डिझायनर रोज संध्याकाळी निकालात काढतो. 'चांगलं' हा शब्द मात्र काकांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. अगदीच नाइलाज झाला तर "चालंल" म्हणतात.

गेल्या महिन्यात राजोडीच्या एका रिसॉर्टवर माझ्या भाचीचं लग्न ठरलं. पत्रिकेबरोबर सूचना आली, सगळ्यांनी डिझायनर कपड्यांत यावं. मी एका नटीच्या घागऱ्याची हुबेहूब नक्कल ऑनलाइन मागवली. तिच्या अंगावर तो झुळझुळत होता, माझ्या अंगावर सोफ्याच्या कव्हरासारखा बसला. काकांनी बाहीपर्यंत जायची तसदीही घेतली नाही.

"बाय, परत पाठव," एवढंच म्हणाले.

शेवटी कपाटातली पैठणी काढली. तिच्यावर काकींनी पंधरा वर्षांपूर्वी शिवलेला मोरपंखी ब्लाउज होता. घालून बघितला तर हुकांची भेट चार बोटांनी हुकत होती. पंधरा वर्षांत ब्लाउज होता तेवढाच राहिला, हा काही त्याचा दोष नव्हे. पण काकी आत भरपूर कापड दाबून ठेवायच्या, उसवून सैल करता आला असता. लग्न चार दिवसांवर आलेलं. मी तो घेऊन काकांकडे गेले.

"काका, एवढा उसवून द्या. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा धीर होत नाही."

काकांनी चष्मा लावला, ब्लेड घेतलं. मला वाटलं, आता काकींचीही धडगत नाही. त्यांनी ब्लाउज उलटा केला, बाहीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. ब्लेड खाली ठेवलं.

"ह्याच ब्लाउजला मी बोललो व्हतो. तू न्यायला आलीस तवा, तुज्यासमोर. बाही वाकडी बसलीय म्हनलो."

मला आठवलं. काकींनी मला उद्या ये म्हणून परत पाठवलं होतं.

"जेवन टाकून दोनी बाह्या उसवल्या तिनं. परत लावल्या."

"मग झाल्या ना सरळ?"

"पयल्यानंच सरळ व्हत्या गो. मला दिसत व्हतं." काका ब्लाउजकडेच बघत होते. "लोकांसमोर बायकोला चांगलं कसं म्हनायचं, म्हनून बोललो. शिवून झालं का ती माज्यापुढं धरून उभी ऱ्हायची. दर टायमाला. मी एकदाबी म्हनलो नाय."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ब्लाउज घेताना मीसुद्धा 'उशीर झाला' एवढंच म्हणाले होते. जगातल्या तमाम पोशाखांवर मत देणारी बाई मी, आणि माझ्या अंगावर सगळ्यात नीट बसलेल्या कपड्याबद्दल एक शब्द काढला नव्हता.

"तिची शिवन मी उसवनार नाय, बाय. दुसऱ्याकडं दे," काका म्हणाले. पण ब्लाउज काही त्यांच्या हातून सुटेना.

"राहू दे तुमच्याकडेच. मी बाजारातून तयार घेईन एखादा." मी उठले आणि दारात थांबले. "फार सुंदर शिवला होता हो काकींनी."

काका भिंतीवरच्या काकींच्या फोटोकडे बघत म्हणाले, "जरा मोठ्यानं म्हन."

मी मोठ्याने म्हटलं. मग काकांनीही म्हटलं.