रक्षकाच्या तोंडातला घास, अर्थात दहा मिनिटांच्या फर्मानाची शिकस्त

वाचणारांस उदंड आयुष्य आणि लिहिणारांस थोडी लाज चिंतून निवेदन ऐसे की, तळघरातील सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत शुक्रवारी दोन प्रहरी जे महायुद्ध जाहले त्याची हकीकत आजवर कोणी यथास्थित लिहिली नाही. जी लिहिली ती थोरल्या सरांनी लिहिली, आणि तीत थोरले सरच फार आढळतात. सबब हा कागद करणे प्राप्त जाहले.

प्रथम मुलूख सांगतो. रणभूमी म्हणजे माशाच्या चार दिवसांच्या पिल्लाचा मेंदू. पिल्लू पापणीच्या केसाएवढे, अंगाने काचेसारखे आरपार, गुंगी देऊन ताटलीतल्या जेलीत निजवलेले. त्या मेंदूत रक्षक पेशींची फौज नांदते, आणि कोठे इजा जाहली तर तेथे पोहोचावे ही तिची चाकरी. फौज म्हणावी तर पंचवीस-तीस असामी. आणि मुलूख वाढता, तेव्हा रोज नव्या पेशी जन्मतात, त्यांतल्या बहुत नकोशा होऊन मरतात, मग ते मुडदे गिळून रस्ते साफ ठेवणे हेही त्याच फौजेच्या गळ्यात. कोतवाल तेच आणि झाडूवालेही तेच. ऐसी काटकसर एक तर निसर्गात दिसते, नाही तर विद्यापीठात.

या मुलखावर अंमल थोरल्या सरांचा. सर म्हणजे प्रयोगशाळेचे धनी, सतरा समित्यांचे अधिपती, चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधणारे. त्यांचा सिद्धांत ऐसा की, वाढत्या मेंदूत जखम होताच फौज हातचे काम टाकून तत्काळ धावते. हा सिद्धांत त्यांनी ठिकठिकाणच्या सभांत मांडून टाळ्या घेतल्या होत्या. उणीव इतकीच की, ते धावणे अद्याप कोणी पाहिले नव्हते. मग ते पाहण्याची कामगिरी चार वर्षांमागे त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीस, म्हणजे ताईसाहेबांस, सांगितली, आणि हुकूम जाहला की, लेझरने सुईच्या टोकाहून बारीक जखम करावी, दहा मिनिटे चित्रण करावे, फौज धावली तर उत्तम, न धावली तर 'खराब' ऐसा शेरा मारून पुढले पिल्लू घ्यावे. दहाच मिनिटे का, हे पुसण्याची छाती कोणास जाहली नाही. खरे कारण ऐसे की, सभेत सरांस बोलावयास दहा मिनिटे मिळत.

मग ताईसाहेबांनी एक्केचाळीस स्वाऱ्या केल्या आणि एक्केचाळीस वेळा शिकस्त खाल्ली. जखम होई, आणि दोन पावलांवरचा रक्षक ढिम्म हलत नसे. सरांनी निदान केले की, सिद्धांत निर्दोष, यंत्र निर्दोष, पिल्लूही निर्दोष, तेव्हा दोष ताईसाहेबांच्या हाताचा, तो थरथरतो. आणि अखेर ईमेलद्वारे फर्मान सुटले की, शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत धावती फौज न दिसल्यास हा विषय बंद, ताईसाहेबांनी नवा विषय घेऊन पहिल्या वर्षापासून आरंभ करावा. फर्मानाअखेर शिक्क्याच्या जागी हसरा चेहरा होता. ताईसाहेबांची आई रोज फोनवर विचारी की, "झालं का गं तुझं?" आणि त्या रोज सांगत की, "होत आलंय." आता ते सांगण्याचेही तोंड उरणार नव्हते.

यंत्राचे किल्लेदार म्हणजे तेथील तंत्रज्ञ काका, एकवीस वर्षांची नोकरी. चित्रण सुरू करावे ते काकांनी आणि बंद करावे तेही काकांनी, इतरांनी बटणास बोट लावू नये, ही सरांचीच सक्त ताकीद. यंत्र ठरल्याहून अधिक चालले तर नोंदवहीत कारण लिहावे, हीही ताकीद त्यांचीच. काकांचे आपले कायदे दोनच होते. केलेले चित्रण पुसायचे नाही, आणि डबा उघडल्यावर मधेच उठायचे नाही.

शुक्रवारी एक वाजता शेवटचे पिल्लू रणात उतरले. ताईसाहेबांनी श्वास रोखून जखम केली, आणि काकांनी चित्रण सुरू करून दाराबाहेरच्या टेबलाशी डबा उघडला. दहा मिनिटे सरली. पडद्यावर जखमेनजीकचा रक्षक सुस्त बसलेला. ताईसाहेब दारात आल्या.

"काका, बंद करा. हेही खराब."

"घास तोंडात आहे, ताई. एवढं संपवतो नि येतो."

"तो हलतसुद्धा नाहीये! आता काय बघायचं राहिलंय?"

"त्याच्याही तोंडात घास असेल. भरल्या तोंडानं कुणी धावतं का?"

ताईसाहेब संतापून वळल्या, आणि पडद्याशी येऊन थबकल्या. मग त्यांनी चित्र मोठे करून पाहिले. रक्षक सुस्त नव्हताच. त्याने एकच हात पुढे केला होता आणि त्या हाताने एक मेलेली पेशी पोटाशी ओढीत होता. चार वर्षे सगळे जखमेकडे पाहात होते, रक्षकाच्या तोंडाकडे कोणी पाहिले नव्हते. चौदाव्या मिनिटास मुडदा अर्धा आत गेला, एकोणिसाव्यास सगळा गेला, आणि मग रक्षकाने तो हात आखडला, क्षणभर विसावला, आणि तेविसाव्या मिनिटास नवा हात काढून थेट जखमेकडे कूच केले. सव्विसाव्या मिनिटास जखम त्याच्या कवेत होती. इकडे काकांनी डब्याचा दुसरा कप्पा उघडला.

"तुम्ही सावकाश जेवा, काका," ऐसे ताईसाहेब म्हणाल्या, आणि तोंडावर ओढणी धरून रडल्या.

मग खराब म्हणून गाडलेली एक्केचाळीस चित्रणे काकांच्या कपाटातून शाबूत निघाली, आणि त्यांतील अडतिसांत नजीकच्या रक्षकाच्या तोंडात घास दिसला. प्रत्येक वेळी तो जेवत असता सरांच्या हुकुमाने पडदा पडला होता. उरलेल्या तिन्हींत ताईसाहेबांचा हात खरोखरच थरथरला होता, हे बखरकार इमानाने नमूद करतो.

पाच वाजता थोरल्या सरांची स्वारी आली. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणून सव्वीस मिनिटे पाहिले, आणि मग फर्मावले की, घाई करू नका असे आपण पहिल्यापासून सांगत आलो आहोत. हुकूम जाहला की विषय कायम, चित्रणे वाढीव मुदतीने पुन्हा करावीत, आणि ताईसाहेबांनी प्रबंध लिहावयास घ्यावा. ताईसाहेबांनी जिन्यातच फोन लावला आणि आईने काही विचारण्याआधी सांगितले, "आई, झालं."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. थोरल्या सरांस नवा सिद्धांत मिळाला, ताईसाहेबांस त्यांची चार वर्षे परत मिळाली, आणि काकांस नियमभंगाबद्दल खुलासा मागणारा कागद मिळाला. काकांचा खुलासा अस्सल नोंदवहीत आजही पाहावयास मिळतो. 'यंत्र जादा चालण्याचे कारण' या रकान्यात काकांचे अक्षर आहे, "जेवत होतो." आणि त्याखाली ताईसाहेबांनी दस्तुरखुद्द भर घातली आहे, "तोही."