अकरा सिद्धराम

माढ्याच्या सिद्धरामअण्णांना सहाच्या आत होकार कळवायचा होता आणि दाक्षायणीबाईंच्या दिवाणखान्यातल्या घड्याळात पावणेपाच वाजले होते. सहानंतर आपण बार्शीच्या स्थळाला शब्द देऊ, असे अण्णांनी स्पष्ट सांगून ठेवले होते. त्यांचा मुलगा बसू हा दाक्षायणीबाईंची नात श्रीदेवी हिच्या मनात भरला होता. हे तिने तोंडाने सांगितले नव्हते. पण दोन दिवस ती आमटीत मीठ घालायला विसरत होती आणि दाक्षायणीबाईंना तेवढा पुरावा पुरेसा होता.

"होकार मी कळवीन," त्यांनी घरात बजावले होते. या घरातला शब्द बाहेर जायचा तो त्यांच्याच तोंडून, आणि एकदा गेलेला शब्द माघारी यायचा नाही, असा चाळीस वर्षांचा शिरस्ता होता.

फोन आज सकाळीच बदलला होता. मुलगा शरणबसव याने जुना अँड्रॉइड आणि नवा आयफोन शेजारी शेजारी ठेवले आणि साडेतीन तास जुन्यातले सारे नव्यात जात राहिले. दाक्षायणीबाई तेवढा वेळ दुधाच्या पातेल्यापाशी बसावे तशा त्या दोघांपाशी बसून होत्या. फोटो आले, नावे आली. जुना फोन पुसून, तो दुकानात जमा करायला शरणबसव निघून गेला. तेवढ्यात नव्या फोनने अदबीने विचारले : सारख्या नावांच्या नोंदी आढळल्या आहेत, एकत्र कराव्यात का? तीन मुलांचे संसार एका छताखाली बांधून ठेवलेल्या बाईला हा प्रश्न विचारायलाच नको होता. त्यांनी तत्काळ संमती दिली.

त्याच नावाच्या ग्रामदैवताच्या कृपेने सोलापुरात सिद्धरामांना तोटा नाही. दाक्षायणीबाईंच्या फोनात असे अकरा होते. आडनाव किंवा गाव लिहिण्याची त्यांना कधी गरज भासली नव्हती. वरून तिसरा तो माढ्याचा, हे त्यांना पाठ होते. आता मात्र सिद्धराम एकच उरला होता. त्यांनी तो दाबला.

"मी दाक्षायणी. आमच्याकडून हो आहे बघा. उद्या अकराला चौघं या." आणि त्यांनी फोन ठेवला. पलीकडचे उत्तर ऐकत बसण्याची त्यांची पद्धत नव्हती.

श्रीदेवीने फोन हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "अज्जी, ह्या एका नावात अकरा नंबर आहेत की! कुठल्या सिद्धरामाला लावलात?"

"वरच्या."

"वरचा कोण?"

दाक्षायणीबाईंनी शरणबसवला फोन लावला. जुना फोन कोरा होऊन दुकानात गेला होता, आणि कुणाला कधी फोन केला ती यादी नव्यात येतच नाही, असे त्याने चाचरत सांगितले.

"अव्वा, मुलाच्या बायोडाटावर नंबर असेल की," श्रीदेवीची आई, सून सोनाली, स्वयंपाकघरातून म्हणाली.

"नंबर फोनात घातल्यावर कागद कशाला ठेवायचा? फाडला."

"मग एकेक नंबर लावा, आणि कोण बोलतंय ते विचारा."

"होणाऱ्या व्याह्याला विचारू, आपण कोण म्हणून? तुझ्या बापाला असं विचारलं असतं, तर तू या घरात आली असतीस का?"

दाक्षायणीबाईंनी दुसरा नंबर लावला आणि तेच वाक्य म्हटले. या वेळी मात्र त्या ऐकत थांबल्या.

"लई उपकार झाले अव्वा! पण चौघांनी मेंढरं आवरत न्हाईत, आमी सहा जण येतो. तुमच्या मागच्या मोकळ्या जागेतच बसवायची न्हवं?"

दाक्षायणीबाईंनी डोळे मिटले. हा मेंढपाळ बिरप्पाचा सिद्धराम. दिवाळीपासून जागेसाठी खेटे घालत होता. पण शब्द गेला होता. "तिथंच," त्या म्हणाल्या.

"अज्जी, तिसरा लावा," श्रीदेवी अधीरपणे म्हणाली. पण नंबरांचा क्रम फोनने आपल्या सोयीने लावला होता. तिसऱ्याने, मोबाइल टॉवरचे खांब उद्याच गच्चीवर चढवले तर चालेल का, असे विचारले. चालेल, असे त्यांना म्हणावे लागले. सातवा नुसताच "बरं" म्हणाला.

"हाच माढ्याचा," दाक्षायणीबाई उठून येरझाऱ्या घालू लागल्या.

"अण्णा एवढं कमी बोलतात होय?" श्रीदेवी म्हणाली. "बघायला आले तेव्हा आम्हाला बोलू दिलं नाही."

त्या पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या. आठवा, नववा. दहाव्याला आपल्या हलगीपथकाच्या सरावासाठी त्यांचा दिवाणखाना हवा होता, आणि तोही त्याला मिळाला. अकरावा मात्र सारखा एंगेज लागत होता. सहाला दोन मिनिटे उरली.

"बार्शीकरांशी बोलत असतील," श्रीदेवी म्हणाली आणि तिने तोंड फिरवले.

"बार्शीकरांशी नाही, माझ्याशी बोलत होते." सोनाली दारात उभी होती. "माढ्याचे अण्णा. तुमचा फोन तासभर एंगेज लागतोय म्हणाले."

"तुझा नंबर त्यांच्याकडे कुठला?"

"त्यांच्या मंडळींनी घेतला होता, शेंगाचटणी कशी करता ते विचारायला."

"मग तू काय सांगितलंस?"

"हो म्हणून सांगितलं."

वीस वर्षे सोनाली भाजी कोणती करायची हेसुद्धा विचारून ठरवत आली होती. श्रीदेवी आईच्या गळ्यात पडली. दाक्षायणीबाई सुनेकडे नव्याने ओळख होत असल्यासारख्या पाहत राहिल्या.

"उद्या अकराला बोलावलंस?"

"नाही. अकराला इथं मेंढरं, खांब आणि हलग्या असतील. म्हटलं, आम्हीच माढ्याला येतो, मुलाचं घरही बघू. आठला निघतो. मी, हे आणि श्रीदेवी."

"आणि मी?"

"तुम्ही इथंच थांबा, अव्वा. दहा जणांना शब्द दिलाय तुम्ही."

दाक्षायणीबाईंनी नवा फोन टेबलावर पालथा ठेवला. त्यांनी विचारले, "त्या सगळ्यांच्या चहापुरतं दूध आहे ना घरात?"

"नाही," माढ्याला नेसायची साडी काढायला आत जाता जाता सोनाली म्हणाली. "सकाळी लवकर उठून आणून ठेवा."